जिंकलेल्या पक्षातली गटबाजी बॅनरवरून कशी ओळखायची

पक्ष हरला की कार्यकर्ते घरी बसतात, जिंकला की भांडतात. नाशिकमध्ये शालिमारच्या मागच्या गल्लीत माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. सगळ्या रंगांच्या पक्षांची कामं येतात, त्यामुळे ‘पक्षांतर्गत नाराजी’ पेपरात यायच्या बरीच आधी मला कॉम्प्युटरवर दिसते. तुम्हालाही रस्त्यावरून दिसेल.

निकालाच्या रात्रीचे बॅनर सोडून द्या. गुलालात सगळे भाऊ-भाऊच असतात. आठवड्याभरात आभाराचे बॅनर लागतात, ते वाचायचे. सीबीएसपासून मुंबई नाक्यापर्यंत चालत जा. मधला मोठा फोटो निवडून आलेल्याचा, तो बघण्यात अर्थ नाही. वरची पट्टी बघा. त्यात दिल्ली-मुंबईचे नेते सगळ्यांकडे सारखेच. त्यांच्यानंतर मंत्री, आमदार, शहराध्यक्ष येतात आणि खरी मारामारी तिथे असते. एकाच प्रभागातून एकाच चिन्हावर चौघं निवडून आले असतील तर चौघांच्या पट्ट्या ताडून पाहा. दोघांकडे आमदार आहेत, शहराध्यक्ष नाहीत, आणि उरलेल्या दोघांकडे उलटं? झाले दोन गट. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की निरोप येतो, “भाऊंचा फोटो जरा बारीक कर.” बारीक कर म्हणतात तोवर बोलणी चालू असतात. काढून टाक म्हटलं की संपलं.

एकाच बॅनरवरून मात्र निकाल देऊ नका. डिझाइनवाली पोरं जुनी फाइल उघडून नाव बदलतात, त्यात एखादा फोटो राहतो किंवा गळतो. तोच माणूस पंचवटी कारंजा, द्वारका आणि सिडको, तिन्हीकडे गायब असेल तरच धरा.

दुसरी खूण कुणी सांगत नाही. वेगवेगळ्या प्रभागांतल्या नगरसेवकांचे बॅनर, पण डिझाइन तेच, अक्षरं तीच, पार्श्वभूमीचा भगवाही त्याच छटेचा. म्हणजे ऑर्डर एकाची आणि बिलही त्याच्याच नावावर. अशा बॅनरांच्या पट्टीत जो स्थानिक नेता सगळीकडे सारखा दिसतो, त्याच्या मागे किती नगरसेवक आहेत हे तुम्ही बॅनर मोजून काढू शकता. पक्षाच्या बैठकीत हात वर होतात त्यापेक्षा मला हा आकडा पक्का वाटतो.

आता थोडं गणित, कारण नाराजीला भाव कुठून येतो ते त्याशिवाय कळत नाही. २०१७ मध्ये नाशिक महापालिकेच्या १२२ जागांपैकी भाजपला ६६ मिळाल्या. स्पष्ट बहुमत. स्थायी समितीत सदस्य १६, आणि त्या जागा संख्याबळाच्या प्रमाणात वाटल्या जातात. ६६ ला १६ नं गुणा, १२२ नं भागा. ८.६६ येतात, म्हणजे ९ सदस्य, समिती हातात. आता दोन नगरसेवक कमी धरून ६४ नं करून बघा. ८.३९, म्हणजे ८. समोरही आठच. तिजोरीच्या किल्ल्या ज्या समितीकडे, तिचं बहुमत दोन माणसांवर टेकलेलं असतं. म्हणून रुसलेल्या दोघांची समजूत काढायला मुंबईहून माणूस येतो.

आणि ६६ मधले ९ स्थायीवर गेले तर उरलेल्या ५७ जणांनी काय करायचं? महापौर एक, उपमहापौर एक, सभागृह नेता एक, प्रभाग समित्या सहा. बाकीच्यांना “पुढच्या वर्षी तुझा नंबर” असा शब्द दिला जातो. स्थायीचे निम्मे सदस्य दरवर्षी निवृत्त होतात, त्यामुळे शब्दाची मुदत फेब्रुवारीच्या शेवटाला भरते. त्या महिन्यात राजीव गांधी भवनाच्या, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयाच्या आसपास लक्ष ठेवा. एरवी न दिसणारे चेहरे रक्तदान शिबिर, हळदीकुंकू, काहीतरी निमित्त काढून झळकतात. माझा धंदा बरा होतो.

महापौर निवडीआधी नगरसेवकांना सहलीला नेतात. तिथले फोटो फेसबुकवर येतात. त्यात कोण नाही ते शोधा. सहलीला न गेलेला आणि आभाराच्या पट्टीतून शहराध्यक्षांना गाळणारा एकच निघाला, तर आणखी पुरावा कशाला हवा?

चेहरा आणि झेंडा मात्र वेगवेगळ्या वहीत लिहा. २००९ मध्ये मनसेचे तीन आमदार नाशिक शहरातून गेले: वसंत गिते, नितीन भोसले, उत्तमराव ढिकले. २०१२ मध्ये महापालिकेत ४० नगरसेवक, भाजपच्या पाठिंब्यावर यतिन वाघ महापौर. नंतर एकेक करत बरेच जण बाहेर पडले आणि २०१७ ला उरले ५. गिते भाजपत गेले, तिथून शिवसेनेत. २०१४ ला नाशिक पूर्वमधून भाजपचे आमदार झालेले बाळासाहेब सानप २०१९ ला तिकीट कापल्यावर राष्ट्रवादीकडून लढले. त्यांना हरवलं ते भाजपच्या राहुल ढिकलेंनी, म्हणजे उत्तमरावांच्या मुलानं, आणि तेही आधी मनसेतच होते. पुढे सानपही भाजपत परतले.

म्हणून चौकात बॅनर दिसला की मोबाइलवर फोटो काढा आणि तारखेसह जपून ठेवा. महापालिकेचा माणूस चार दिवसांत तो उतरवून नेतो. मी स्वतः कुणाचाच कटआउट डिलीट करत नाही. फोल्डरला पक्षाचं नाव द्यायचं मात्र सोडून दिलंय, फक्त माणसाचं देतो.