चंद्रावरच्या लेझर रिफ्लेक्टरचं चालणारं मॉडेल कसं बनवायचं

विज्ञान प्रदर्शनात अपोलो ११ म्हटलं की थर्माकोलचं यान आणि शेजारी चांदीचा कागद चिकटवलेली पेटी, आणि ती म्हणे लेझर रिफ्लेक्टर, म्हणजे पृथ्वीवरून सोडलेला लेझर परत पाठवणारं उपकरण, त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. अहो, चांदीच्या कागदाने काय किंवा साध्या सपाट आरशाने काय, प्रकाश परत येत नाही, आरसा अगदी समोर असेल तरच येतो, जरा तिरका झाला की गेला भलतीकडे. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिननी चंद्रावर ठेवलेल्या पॅनलमध्ये काचेचे १०० कोपरे आहेत, खोलीच्या कोपऱ्यासारख्या तीन बाजू एकमेकींना काटकोनात मिळतात तसे, प्रत्येक ३.८ सेंमी रुंद. कोपऱ्यात शिरलेला प्रकाश तीन बाजूंवर आपटून आला त्याच दिशेने परत जातो, वीज लागत नाही, म्हणून ते आजही चालू आहे. आपण असा एक कोपरा करायचा.

काचवाल्याकडून १० सेंमीचे तीन चौकोनी आरसे कापून आणा, कडा घासून घ्या.

आता जोडणी. इथेच सगळं बिघडतं, माझी पहिली दोन मॉडेलं इथेच वाया गेली. बुटाच्या खोक्याच्या कोपऱ्यात आरसे चिकटवा असं सगळे सांगतात, ते अजिबात करू नका, पुठ्ठ्याचा कोपरा ९० अंशाचा नसतोच. आणि दोन आरशांमधला कोन फक्त १ अंश चुकला तरी परतणारा किरण २ अंश वळतो, म्हणजे १० मीटरवर तब्बल ३५ सेंमी बाजूला. ग्लू गन पण नको, थंड होताना ग्लू आकसतो आणि आरसा ओढला जातो. झटपट चिकटणारा गमही नको, हलवायला वेळच मिळत नाही, वर काचेवर पांढरी वाफ धरते. दोन ट्यूबवाला, सावकाश सुकणारा इपॉक्सी घ्या.

आधी दोनच आरसे सुताराच्या गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावून मागून टेपने धरा आणि सांध्यात स्वतःचा चेहरा बघा. नाक चेपलेलं किंवा पसरलेलं दिसलं तर कोन चुकलाय, नाक नीट दिसेपर्यंत हलवत राहा. मगच तिसरा आरसा खाली सरकवा. आता एक डोळा मिटून कोपऱ्यात बघा, उघड्या डोळ्याची बाहुली बरोबर कोपऱ्याच्या टोकावर दिसली पाहिजे आणि डोकं कुठेही हलवलं तरी तिथेच राहिली पाहिजे. डोळ्याचे तुकडे दिसले तर अजून इपॉक्सी लावायचा नाही. जमलं की बाहेरच्या बाजूने सांध्यावर थेंब द्या आणि रात्रभर हात लावू नका.

अंधारात टॉर्च कानशिलाशी धरून १० मीटरवरून कोपऱ्यावर मारा, तिरकं उभं राहिलात तरी चमकेल. लेझर पॉइंटर मात्र वापरू नका, तो सरळ तुमच्याच डोळ्यात परत येतो.

मॉडेलशेजारी ३.८ सेंमी लांबीची पट्टी ठेवा आणि खाली लिहा, चंद्र दर वर्षी आपल्यापासून एवढा लांब जातो, हे अशा रिफ्लेक्टरांमुळेच इतकं अचूक मोजता आलं.