इमारतीवरचं पोळं उतरवायला शिकताय? आधी हे वाचा

फोन बहुतेक वेळा सोसायटीच्या सेक्रेटरीचा असतो आणि वाक्य ठरलेलं असतं: ‘मोठ्ठं पोळं आहे, आजच्या आज काढून द्या.’ नुकतंच काम सुरू केलेलं असलं की हात शिवशिवतात, पैशांचीही गरज असते. तरी आधी फोटो मागा. जवळ जाऊन काढायला लावू नका, खालून झूम करून काढलेला चालतो. कुठली माशी आहे हे कळल्याशिवाय घरातून निघायचंच नाही.

माश्यांचे प्रकार तुम्हाला माहीत असतील, म्हणून थोडक्यात. बाल्कनीतल्या कुंडीच्या फांदीला तळहाताएवढं एकच पोळं लटकलं असेल तर ती फुलोरी. तिला राहू द्या, घरातल्यांना समजवा. भिंतीच्या फटीतून किंवा मीटरच्या खोक्यातून मेण-डिंकाची बारीक नळी बाहेर आलीय आणि बारक्या काळ्या माश्या ये-जा करतायत, तर त्या डंख नसलेल्या माश्या. तिथे काढायचं काहीच नाही. बंद जागेत, म्हणजे जुन्या कपाटात, माळ्यावरच्या पिंपात, भिंतीच्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी असतील तर सातेरी. आणि पाण्याच्या टाकीखाली, छज्जाला, उंचावर उघड्यावर एकच भलंमोठं पोळं असेल तर आग्या. खरं काम या शेवटच्या दोघींचं, आणि दोघींचा मामला पूर्ण वेगळा.

सातेरी मधमाशीपालनाच्या लाकडी पेटीत राहते, म्हणून तिला वाचवता येतं. शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करा, तीही पोळी उतरवण्यापासून नव्हे. आधी एखाद्या मधपाळाकडे वर्षभर पेट्या हाताळा. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे प्रशिक्षण मिळतं. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. त्याच भागातलं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. अशा ठिकाणी जाऊन माश्यांचा आवाज कानात बसू द्या. शांत वसाहतीची गुणगुण आणि बिथरलेल्या वसाहतीचा चढा सूर यांतला फरक कानाला कळायला लागतो, तेव्हाच माणूस शिडीवर चढायच्या लायक होतो. उघड्या हातांनी पोळं धरून दाखवणाऱ्या व्हिडिओवाल्यांकडून काहीही शिकू नका, असं माझं ठाम मत आहे. आणि जो गुरू वर्षभर तुम्हाला फक्त शिडी धरायला लावतो, माश्यांना शांत करायचं धुराचं यंत्र, म्हणजे धुराडं, एकदाही हातात देत नाही, त्यालाही सोडा.

सातेरीचं काम दुपार उतरल्यावर धरावं, म्हणजे पेटी भरेपर्यंत संध्याकाळ होते आणि बाहेर गेलेल्या माश्या आपोआप परततात. धूर अगदी थोडा. मग एकेक पोळं धारदार सुरीने छताजवळून कापायचं. अंडी-अळ्यांचा भाग पेटीतल्या लाकडी चौकटीच्या मापाने कापून केळीच्या सोपटाने किंवा रबरबँडने बांधायचा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरं किंचित वर तोंड करून असतात. मधाने जड झालेली पोळी बांधू नका, ती कोसळतात आणि खालची पिल्लं चिरडतात. मध वेगळ्या भांड्यात काढा.

राणी दिसली तर पिंजऱ्यात घेऊन पेटीत ठेवा. नाही दिसली तर घाबरू नका. पेटी जागेवरच ठेवा आणि तिचं दार बघत बसा. दारात माश्या पोट वर करून, पंख फडफडवत उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या माश्या ओळीने आत चालत जायला लागल्या, की समजायचं राणी आत आहे. हे दृश्य मला आजही बघत राहावंसं वाटतं. अंधार पडला की दार जाळीने बंद करून पेटी किमान दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची. त्याच सोसायटीच्या बागेत ठेवली तर कामकरी माश्या दुसऱ्या दिवशी जुन्या भिंतीकडेच परत येतात. सातेरी नाराज झाली की घर सोडून निघून जाते, म्हणून पहिले काही दिवस पेटीच्या दाराला राणीद्वार, म्हणजे कामकरी माशी जाते पण राणी अडते अशी बारीक फट, लावा आणि साखरेचा पाक द्या. इकडे भिंतीतलं मेण खरवडून, जागा धुऊन, भोक सिमेंटने बुजवल्याशिवाय पैसे घेऊ नका. मेणाचा वास राहिला तर पुढचा थवा तिथेच येणार.

आता आग्या. ती पेटीत राहत नाही. ‘आग्याचं पोळं सुखरूप शिफ्ट करून देतो’ म्हणणारा माणूस खोटं बोलतोय. पोळं कापलं की आतली पिल्लावळ मरते आणि माश्या दोन-चार दिवस त्याच जागी लटकून राहून मग निघून जातात, यालाच तो ‘शिफ्ट’ म्हणतो.

आग्याची तीन-चार फूट रुंद वसाहत खालून बघा. गांधीलमाशी जवळून गेली की हजारो माश्या एकापाठोपाठ पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकत जाते. लोकांना वाटतं त्या चवताळल्यात. खरं तर ती ‘आम्ही पाहिलंय तुला’ अशी ताकीद असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पोळं उंचावर असेल, खाली मुलं खेळत नसतील, शेजारी खिडकी नसेल, तर ते जाऊ द्यावं. आग्या कायमची राहायला येत नाही. पावसाळा सरला की येते, फुलोरा आटला की उन्हाळ्यात जाते. पोळ्याच्या कडा उघड्या पडून रिकामी घरं दिसायला लागली, मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मध साठवलेला जाड भाग, बारीक झाला, की निघायची वेळ जवळ आली म्हणून समजा.

शाळेच्या जिन्यावर, दवाखान्याच्या दारावर असेल तर मात्र काढावं लागतं. या कामात नव्यांना हमखास पकडणारा एक सापळा आहे, तो नीट सांगते.

‘रात्री करायचं, रात्री माश्या आंधळ्या असतात.’ हे वाक्य मला सगळ्यांनी सांगितलं, अगदी मुरलेल्या लोकांनीसुद्धा. ते चूक आहे. आग्या चांदण्या रात्री फुलांवरसुद्धा जाते. आणि अंधारात बिथरली की ती सरळ उजेडाकडे झेपावते. आम्ही एका इमारतीत सगळ्या मजल्यांना दिवे बंद ठेवायला सांगितलं होतं, वॉचमनने दारोदार जाऊन बजावलं होतं. पोळं सुटलं त्याच क्षणी खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ट्यूब लागली, खिडकी उघडी होती. पोळ्याजवळ आम्हाला काहीच झालं नाही. माश्या त्या ट्यूबवर गेल्या, ओट्यावर पडल्या, फरशीवरून रांगत एका आजींच्या साडीत शिरल्या. दवाखान्यात न्यावं लागलं. आजी बऱ्या झाल्या, पण ते स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून रात्रीचं काम असेल तर तुमची टॉर्चसुद्धा लाल काचेची हवी. तांबडा रंग मधमाशीला दिसत नाही. पांढऱ्या उजेडाचा हेडलाइट म्हणजे स्वतःच्या कपाळावर माश्यांना बोलावणं. ‘दिवे बंद ठेवा’ एवढं सांगून भागत नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, जिन्याचा दिवा बंद, पार्किंगचा सेन्सरवाला दिवा बंद, समोरच्या इमारतीलाही निरोप. लिफ्टचं दार उघडलं की उजेड बाहेर पडतो, तीही थांबवा. हे जमत नसेल तर काम पुढे ढकला. पौर्णिमेच्या आसपास तर धरूच नका. अंधारात पडलेल्या माश्या उडत नाहीत, रांगतात, त्यामुळे पायजमा मोज्यात खोचलेला हवा. आणि सकाळी खाली पडलेल्या माश्या झाडून होईपर्यंत मुलांना तिकडे सोडू नका, कारण त्यांतल्या बऱ्याच जिवंत असतात.

एकदा हे अंगवळणी पडलं की भीती कमी होते, खरंच. माशी कारणाशिवाय अंगावर येत नाही.

डंख झालाच तर नखाने लगेच खरवडून काढा. काटा आणि विषाची पिशवी मागे राहते आणि विष सोडत राहते, म्हणून चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका. डंखाच्या जागेला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्यांना बोलावतो. मग तिथे उभं राहायचं नाही, हात झटकायचे नाहीत, सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. कुणाचा चेहरा सुजला, श्वास लागला, चक्कर आली तर क्षणभरही न थांबता दवाखाना. खूप डंख झाले असतील तर माणूस ठीक दिसला तरी न्या, मूत्रपिंडावर नंतर परिणाम होऊ शकतो. आणि उंचीवर दोराशिवाय, पट्ट्याशिवाय जायचं नाही. एक डंख सहन होतो, चौथ्या मजल्यावरून पडणं नाही.

आधी कुणी औषध फवारलंय का, हे प्रत्येक वेळी विचारा. लोक लपवतात. फवारलेलं पोळं हाताळताना हातमोजे हवेत, आणि त्याचा मध कितीही घट्ट दिसला तरी पुरून टाका, कुणाला चाखायला देऊ नका.

पैशांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पोळ्यामागे दर लावू नका. तसा लावला की जे पोळं राहू द्यायला हवं तेही काढावंसं वाटतं, महिनाअखेरीला तर फारच. माझी फी पाहणीची असते. जाऊन बघायचं, माशी ओळखायची, थांबायचं की काढायचं ते सांगायचं. काढायचं ठरलं तर त्याचे वेगळे. सुरुवातीला लोक नाकं मुरडतात, ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणतात. टिकून राहा.

आणि मोहोळ उठून गेल्यावर त्याच सोसायटीला पुन्हा फोन करा. आग्या दरवर्षी त्याच जागेवर येते. रिकामं पोळं उतरवायचं, स्लॅबवरचा मेणाचा डाग पत्र्याने खरवडायचा, गरम पाण्याने धुऊन रंग मारायचा आणि गणपतीच्या सुमारास, माश्या यायच्या आत, छज्जाखाली बारीक जाळी ताणून बसवायची. कबुतरांसाठीची मोठ्या भोकांची जाळी इथे चालत नाही, माशी तिच्यातून आरामात जाते. कडेला बोटभर फट राहिली तरी सगळं फुकट, म्हणून कडा पट्टीने दाबून घ्या. माझी वर्षातली बरीचशी कमाई आता याच कामातून होते.