‘आजार आहे का?’ असं विचारून मी दहा दिवस वाया घालवले

समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू किंवा सार्वजनिक आरोग्यातलं एमपीएच संपवून एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयात समुदाय समन्वयक म्हणून रुजू होणार असाल, तर हे तुमच्यासाठी. आशा, उपकेंद्र, ग्राम आरोग्य समिती हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी कुठे फसले, तेवढं सांगते.

मला आदिवासी तालुक्यातले चार पाडे दिले होते. भाताचा पट्टा, लावणी तोंडावर. टॅबमध्ये रुग्णालयाने बनवलेली प्रश्नावली. पहिलाच प्रश्न : गेल्या 3 महिन्यांत घरात कुणाला आजार झाला का? मी दारात उभी राहून विचारायचे. बाई नवऱ्याकडे बघायची, नवरा म्हणायचा, “नाय, समदी बरी हायत.” मी ‘नाही’वर बोट टेकवून पुढच्या घरी. दहा दिवसांत चारही पाडे उरकले. अहवालात लिहिलं, मोतीबिंदूचं शिबिर घ्यावं. शिबिर झालं, फोटो निघाले, सगळे खूश.

चूक दाखवली ती उपकेंद्राच्या सिस्टरने, शेताच्या बांधावर बसून. तिथे आजार म्हणजे अंथरूण धरणं. उठून शेतावर गेलं ते माणूस आजारी नाही. कंबर धरते, अंगावरून पांढरं जातं, हंडा उचलताना अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली सरकतं. याला त्या बायका आजार म्हणतच नाहीत. ते बाईपण, ते कष्ट. कुणी माझ्याशी खोटं बोललं नव्हतं. माझ्या प्रश्नाचं खरं उत्तरच मला मिळालं होतं, प्रश्न चुकीचा होता. त्यातून दिवसाढवळ्या, दारात, नवऱ्यासमोर. पुढे सिस्टरबरोबर संध्याकाळी चुलीजवळ बसून विचारलं, “कुठलं काम करताना त्रास होतो?” तेव्हा त्याच घरांतल्या बायका तास-तास बोलल्या. त्यातल्या एकीने अंग बाहेर येण्याचा त्रास कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता. तिच्या नावापुढे मीच ‘नाही’ नोंदवलं होतं. ते अजून बोचतं.

वाईट याचं वाटतं की हे मला माहीत असायला हवं होतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या 2 गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तक्रार सांगणाऱ्या 55 टक्के होत्या, तपासणीत स्त्रीरोग सापडलेल्या 92 टक्के. आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. परीक्षेत हे आकडे मी लिहिले होते. दारात उभी असताना एकही आठवला नाही.

ओपीडीच्या रजिस्टरवरून गरजा काढू नका. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी सोडून जे येऊ शकले, तेवढेच त्यात असतात. एका दुपारीत गावनकाशा काढून ‘लोकसहभाग झाला’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आणि मार्गदर्शक शोधायचा तर आधी जुनी सिस्टर किंवा आशाताई गाठा, प्राध्यापक नंतर. त्यांच्या अंगणवाडीतल्या बैठकीत कोपऱ्यात बसून नुसतं ऐका.

पहिले तीन महिने हातात काहीच लागलं नाही तरी घाबरू नका. लोक तुम्हाला जोखत असतात, तो त्यांचा हक्क आहे.

पण रुग्णालयाला स्वतःत काही बदलायचंच नसेल, तर हे सगळं विचारणं म्हणजे गावाची फसवणूक आहे. हे वरिष्ठांना पहिल्या महिन्यातच स्पष्ट विचारा. 1970 मध्ये जामखेडला गावांत काम करायला गेलेल्या डॉक्टर आरोळे दांपत्याला लोकांनी आधी पाणी आणि अन्न सांगितलं, आणि त्यांनी औषधांआधी त्यात हात घातला. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या संस्थेने शोधग्रामचा दवाखाना आदिवासींशी बोलून त्यांच्या घरांसारखा बांधला, दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. आमच्याकडे मात्र अहवाल विश्वस्तांकडे गेला, पाड्यावर कधी आलाच नाही.

दुसऱ्या वेळी मी गरजांची यादी पाड्यावर वाचून दाखवली, रात्री जेवणं झाल्यावर, पुरुषांची बैठक वेगळी आणि बायकांची वेगळी. बायकांनी यादीत दोन गोष्टी वाढवल्या, एक खोडली. आता महिन्यातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ बाई उपकेंद्रात येतात, संध्याकाळी 5 नंतर, कारण त्याआधी बायका शेतावर असतात. एवढी वेळ बदलून घ्यायला मला दोन वर्षं लागली.