ग्राफिक्स कार्ड नसलेल्या गेमिंग पीसीत रॅम वाढवताना

कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी बांधायचा म्हटलं की २०२१ पासून एक जोडणी हमखास सुचवली जाते: रायझन ५ ५६००जी हा ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर, ए५२० किंवा बी४५० मदरबोर्ड आणि ८ जीबीची एकच रॅम स्टिक. ग्राफिक्स कार्ड नंतर बघू. अशा पीसीत पैसे जमले की पहिली खरेदी दुसऱ्या ८ जीबी स्टिकची करावी, असं माझं ठाम मत आहे. त्यामागचं कारण फक्त जीबी वाढण्याचं नाही.

५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. रॅममधलाच एक हिस्सा ते वापरतं, आणि गेम चालू असताना सतत रॅमकडून डेटा मागत राहतं. ३२०० वेगाची एक डीडीआर४ (रॅमची एक पिढी) स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा पुरवू शकते. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधल्या दोन वेगळ्या वाटांवर, बसल्या की हाच आकडा ५१.२ होतो. रस्ता एकपदरीचा दुपदरी व्हावा तसं हे आहे. म्हणून १६ जीबीची एकच स्टिक घेऊन जुनी काढून ठेवण्यापेक्षा ८ अधिक ८ ही जोडी केव्हाही चांगली. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनाही फायदा होतो, पण इतका डोळ्यांत भरणारा नाही.

आधी गरज तपासा

गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. वापर ९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल आणि गेम मधूनमधून अडखळत असेल, तर रॅम कमी पडते आहे. त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत, वेग किती आहे आणि 'हार्डवेअर रिझर्व्हड' किती, हेही दिसतं. हा शेवटचा आकडा म्हणजे मुख्यतः ग्राफिक्सने बाजूला काढून ठेवलेली मेमरी. तिथे २ जीबी दिसत असतील, तर ८ पैकी ६ जीबीच विंडोज आणि गेमच्या वाट्याला येतात. 'सायबरपंक २०७७' २०२३ पासून किमान १२ जीबी रॅम मागतो, हे लक्षात घेतलं की अडखळण्याचं कोडं सुटतं.

कोणती स्टिक घ्यायची

सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यातल्या एसपीडी या टॅबवर जुन्या स्टिकची कंपनी, पार्ट नंबर आणि वेग मिळतो. तोच पार्ट नंबर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर निदान प्रकार, क्षमता आणि वेग सारखे ठेवा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्टिक बहुधा एकत्र चालतात, फक्त दोन्ही कमी वेगवान स्टिकच्या वेगाने चालतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ मात्र कधीच एकत्र चालत नाहीत. दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. लॅपटॉपची आखूड रॅमही इथे बसत नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर भडकले, कारण कंपन्यांनी उत्पादन एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवलं. त्यामुळे जुनी, वापरलेली रॅम घेण्याचा विचार मनात येणारच, आणि डीडीआर४ साठी तो वाईट नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या ओळखीच्या दुकानात विचारा, पण दुकानदाराने समोर मशीनला लावून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. नवी घेतलीत तर बिल जपून ठेवा, रॅमची वॉरंटी वर्षानुवर्षं चालते.

बसवण्याचं काम

पीसी बंद करा, मागची पॉवर केबल काढा आणि मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा. उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, डाव्या बाजूचं झाकण काढा आणि आतल्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. कोरड्या हिवाळ्यात आणि एसीच्या खोलीत हे विसरू नका. पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लागून मुंग्या येत असतील, तर घरातलं अर्थिंग नीट नाही. ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, त्याचं महत्त्व रॅमपेक्षा जास्त आहे.

धूळ ब्लोअरने उडवा. मदरबोर्डवर दोनच स्लॉट असतील तर रिकाम्या स्लॉटमध्ये नवी स्टिक. चार असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा. बोर्डवर बहुधा ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये बसवल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही स्टिक एकाच चॅनेलवर जातात आणि सगळा खर्च अर्धा वाया जातो.

स्लॉटच्या टोकाची खिट्टी बाहेर उघडा. काही बोर्डांवर ती एकाच बाजूला असते. स्टिक कडांनी धरा, सोनेरी पिनांना बोट लावू नका. खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सरळ खाली दाबा. 'खट्' आवाज येऊन खिट्टी आपोआप मिटली पाहिजे. जोर थोडा लागतो, घाबरू नका. मात्र खाच जुळलेली नसताना जोर लावला तर स्लॉट तुटतो.

चालू केल्यावर

पहिल्या वेळी स्क्रीन यायला वेळ लागेल, पीसी एकदोनदा स्वतःच रीस्टार्टही होईल. बोर्ड नवी रॅम ओळखत असतो, मधेच बंद करू नका. काही मिनिटांनंतरही डिस्प्ले आला नाही तर केबल काढून दोन्ही स्टिक पुन्हा दाबून बसवा, मग एकेक स्टिक वेगळी लावून बघा. जुन्या स्टिकच्या पिना काळवंडल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरानेही काम होतं, पण त्याचा चुरा पूर्ण झटकून टाका.

आता बरेच जण विसरतात ते काम. ३२०० लिहिलेली गेमिंग रॅम सुरुवातीला २१३३, २४०० किंवा २६६६ वरच चालते. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी, चालू करा. रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी ही सेटिंग आहे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक ३२०० वर पीसीला स्थिर राहू देत नसतील तर वेग २९३३ वर आणा, फरक फारसा जाणवत नाही. तिथेच यूएमए फ्रेम बफर हा पर्याय शोधा. १६ जीबी झाल्यावर ग्राफिक्सला २ जीबी द्यायला हरकत नाही.

विंडोजमध्ये परत सीपीयू-झेड उघडा. मेमरीच्या टॅबवर चॅनेलसमोर ड्युअल किंवा '२ गुणिले ६४ बिट' असं हवं. वेग १६०० च्या आसपास दिसेल. तो बरोबर आहे, डीडीआर रॅम एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते आणि ३२०० हा आकडा त्यातूनच येतो.

शेवटी रात्री झोपताना मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवा. सकाळी एरर शून्य असायला हवेत. एक जरी दिसला तरी एक्सएमपी बंद करून पुन्हा चाचणी घ्या, आणि तरीही आला तर एकेक स्टिक वेगळी तपासून सदोष असेल ती बिलासकट दुकानात परत न्या.