होयाची वेल : मृगाआधी कुंडी बघून घ्या

भाताला जो पाऊस हवा असतो, तोच कुंडीतल्या होयाला मारतो. खानापूर-जांबोटीकडे एकदा झड लागली की ऊन दिसत नाही, आणि बेळगावातही कुंडी आठ-आठ दिवस वाळत नाही. होया ही झाडावर चढणारी वेल. रानात तिची मुळं सालीला धरून असतात, पाणी आलं तसं निथळून जातं. पानं जाड, पाणी धरून ठेवणारी. ती तहान सोसते, मुळाशी साचलेलं पाणी नाही.

म्हणून मे महिन्यातच मिश्रण बदला. आपली तांबडी माती किंवा निपाणीकडची काळी माती कुंडीत घालू नका, पावसात ती घट्ट बसते. निम्मे नारळाच्या सोडणाचे तुकडे, बाकी कोळसा आणि विटांची खडी, वर मूठभर गांडूळखत. कुंडी लहानच बरी. पागोळ्यांखाली मात्र टांगू नका.

खरी फसगत पुढे होते. भर पावसात पानं सुरकुततात आणि आपण पाणी कमी पडलं समजून आणखी घालतो. माझी चार वर्षांची कार्नोसा जातीची होया अशीच गेली. उपटली तेव्हा मुळं कुजून तपकिरी झाली होती. चिमटीत धरून ओढलं की साल निसटून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. असं दिसलं तर मुळांचा मोह सोडा, वेल वाचवा. दोन पेरांचं निरोगी कलम घ्या, चीक वाळू द्या आणि ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावा. दमट हवेत कलम चांगलं मुळं धरतं, त्यामुळे विक्रीसाठी रोपं करणाऱ्यांनीही हेच दिवस साधावेत.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती पिठ्या ढेकूण नावाची कीड. वेलीवर मुंग्यांची रांग दिसली तरी पेरं तपासा. आधी बोळ्याने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा.

फुलं झडली की त्यांचा दांडा कापू नका. पुढच्या कळ्या त्याच दांड्यावर येतात.

आणखी एक, कळकळीने सांगतो. होया वायटी ही जात आपल्या सह्याद्रीतच वाढते. ती रानातून ओरबाडून आणू नका. भीमगड अभयारण्यातून झाड उपटणं हा तर गुन्हाच आहे. हौस असेल तर कुणाच्या तरी घरच्या वेलीचं कलम मागा.