फायनल फँटसी १ (पिक्सेल रीमास्टर): गुहेबाहेरच जिंकायचा खेळ

पहिली फायनल फँटसी, म्हणजे चौघांची टोळी घेऊन खेळायची जपानी रोल-प्लेइंग गेम, डिसेंबर १९८७ मध्ये जपानात फॅमिकॉमवर आली. तिची पिक्सेल रीमास्टर आवृत्ती जुलै २०२१ मध्ये पीसी आणि मोबाइलवर, तर एप्रिल २०२३ मध्ये स्विच आणि पीएस४ वर आली. चित्रं नवीन आहेत, नोबुओ उएमात्सूंचं संगीत नव्याने वाजवून घेतलंय, नकाशाही सोबत मिळतो. गाभा मात्र जुनाच आहे. प्रत्येक गुहा म्हणजे सामानाचा हिशोब: किती औषध नेलं, किती जादू शिल्लक आहे, परतीला किती लागेल. हा हिशोब ज्याला जमला त्याला खेळ सोपा जातो, बाकीचे अर्ध्या गुहेत अडकतात.

आधी यंत्राबद्दल. साध्या लॅपटॉपवर, वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय गेम नीट चालतो. डेस्कटॉपवर खेळत असाल आणि तुमच्याकडे लाईटचा भरवसा नसेल, तर ऑटोसेववर विसंबू नका. ऑटोसेव मजला किंवा ठिकाण बदलताना होतो. एकाच मजल्यावर वीस मिनिटं फिरताना लाईट गेली तर ती वीस मिनिटं गेली. पेटी उघडली की क्विक सेव करायची सवय लावा. लढाई सोडून कुठेही तो करता येतो. गुहेत शिरण्याआधी मात्र वेगळ्या खान्यात पूर्ण सेव ठेवा, कारण क्विक सेव एकच असतो आणि तो चुकीच्या क्षणी झाला तर मागे जायला रस्ता राहत नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा चार्जिंगला लावलेल्या फोनवर दुपारी खेळू नका. तापलेला फोन आधी अडखळतो, मग गेम बंद करतो.

गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. संवाद मात्र छोटे आहेत, शाळेतलं इंग्रजी पुरतं. गावातल्या प्रत्येक माणसाशी बोला, पुढे कुठे जायचं ते तीच माणसं सांगतात.

सुरुवातीलाच चार जणांचे पेशे ठरवावे लागतात आणि पुढे ते बदलता येत नाहीत. सहा पर्याय आहेत: वॉरियर, थीफ, माँक, रेड मेज, व्हाइट मेज, ब्लॅक मेज (मेज म्हणजे जादूगार). पहिल्यांदा खेळणाऱ्याने वॉरियर, माँक, व्हाइट मेज, ब्लॅक मेज घ्यावेत. कारण पैशाचं आहे. वॉरियरला चिलखत लागतं, मेज लोकांना प्रत्येक मंत्र विकत घ्यावा लागतो, आणि सुरुवातीच्या गावांत गिल (खेळातले पैसे) कायम कमी पडतात. माँकवर जवळजवळ काहीच खर्च होत नाही, काही लेव्हलनंतर तो रिकाम्या हातानेच जास्त मारतो. त्यासाठी दर दोन-तीन लेव्हलला त्याचं शस्त्र काढून हल्ल्याचा आकडा बघा. रिकाम्या हाताचा आकडा मोठा दिसला की शस्त्र विकून टाका. त्यानंतर साहित्य आपोआप चढवणारं बटण माँकवर वापराल तेव्हा आकडा पुन्हा तपासा. थीफ सुरुवातीला कमकुवत वाटतो, पण पुढे पेशाला बढती मिळाली की निंजा होतो आणि चौथ्या पातळीपर्यंतची काळी जादू शिकतो. दुसऱ्या फेरीसाठी तो चांगला.

रांगेचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या जागेवरच्याला सर्वात जास्त मार बसतो, शेवटच्या दोघांना कमी. वॉरियर पहिला, माँक दुसरा, मेज मागे. कुणी मेला किंवा दगड झाला तर लढाईनंतर रांग बिघडते. ती पुन्हा लावा, नाहीतर पुढच्या लढाईत ब्लॅक मेज सगळ्यांच्या पुढे उभा असतो.

जादूची पद्धत नव्या खेळाडूंना सर्वात जास्त नडते. इथे एमपीचा (जादूच्या ताकदीचा) एकच साठा नाही. प्रत्येक पातळीच्या जादूचे प्रयोग वेगळे मोजलेले असतात. पहिल्या पातळीचे संपले तर दुसऱ्या पातळीचे शिल्लक असूनही क्युअर (बरं करणारा मंत्र) मारता येत नाही. प्रत्येक पातळीला चार मंत्र विकायला असतात, एका मेजला त्यातले तीनच शिकता येतात, म्हणून दुकानात दिसेल ते घेऊ नका. ब्लॅक मेजसाठी पहिल्या पातळीत फायर, थंडर आणि स्लीप. दुसऱ्यात प्रावोका गावात टेम्पर (हल्ल्याची ताकद वाढवणारा). तिसऱ्यात एल्फहाइम गावात फायरा आणि थंडारा. चौथ्यात तिथेच हेस्ट (एका फेरीतले वार वाढवणारा). हेस्ट आणि टेम्पर मिळून या गेममधलं सर्वात मोठं हत्यार आहे. मोठ्या शत्रूसमोर पहिल्या दोन फेऱ्यांत वॉरियर आणि माँकवर हेस्ट, मग टेम्पर, आणि त्यांना मारू द्या. ब्लॅक मेजने स्वतः आग ओकण्यापेक्षा हे बहुतेक ठिकाणी जास्त पडतं. नुसतं नुकसान करणारे मंत्र जमवून हेस्ट मागे टाकणारे लोक मध्यावर येऊन अडकतात, म्हणून एल्फहाइमचे पैसे आधी हेस्टला द्या.

सातपुड्यात चढताना पाणी मोजून पितात, तसे हे प्रयोग मोजून वापरा. साध्या लढाईत पोशन (औषध) वापरा आणि क्युअर राखून ठेवा, कारण पोशन सहज विकत मिळतात, प्रयोग तसे मिळत नाहीत. ते परत येतात सरायीत झोपल्यावर, किंवा मोकळ्या नकाशावर कॉटेज (मुक्कामाची वस्तू) वापरल्यावर.

ऑटो लढाईचं बटण जपून दाबा. ऑटो आधीच्या फेरीत दिलेला हुकूमच पुन्हा चालवतो. आधी फायरा मारली असेल तर तो फायराच मारत सुटतो आणि दोन लढायांत साठा रिकामा. ऑटो लावायच्या आधी मेज लोकांना साधा हल्ला किंवा बचाव द्या.

आता वाट. कॉर्नेलियातून शस्त्र, चिलखत, मंत्र घेऊन बाहेर दोन-तीन लेव्हल वाढवा आणि उत्तरेच्या केऑस श्राइनमध्ये राजकन्येला पळवणाऱ्या गारलँडला मारा. राजा पूल बांधतो. सेरा राजकन्येकडून ल्यूट न विसरता घ्या, शेवटच्या गुहेचं दार तोच उघडतो. पूल ओलांडून पूर्वेला प्रावोका. तिथे बिक्केचे नऊ चाचे एकदम येतात, पण कमजोर आहेत. त्यांना हरवलं की जहाज मिळतं. जहाज फक्त धक्क्यालाच लागतं, किनाऱ्यावर कुठेही उतरता येत नाही.

प्रावोकाच्या ईशान्येला जमिनीचं एक टोक आहे. तिथे त्या भागाला न शोभणारे मोठे शत्रू भेटतात, बर्फाळ राक्षस आणि लांडगे. मूळ गेममधलाच हा नकाशाचा घोळ रीमास्टरमध्येही आहे. एल्फहाइममधून फायरा घेऊन इथे या, शत्रू दिसला की आग लावा, साठा संपला की प्रावोकाच्या सरायीत. लेव्हल आणि गिल दोन्ही भराभर येतात.

मार्श केव्ह या दलदलीतल्या गुहेपाशी बहुतेकांचा पहिला खरा पराभव होतो. दहाव्या-बाराव्या लेव्हलआधी जाऊ नका. विषामुळे त्रास होतो, पॉइझोना चौथ्या पातळीचा मंत्र आहे आणि तोवर परवडत नाही, म्हणून दहा-पंधरा अँटिडोट न्या. पोशन तीसच्या खाली नको. इथून आणायचा मुकुट सगळ्यात खालच्या मजल्यावर आहे आणि पेटीपुढे पिस्कोडेमन ठरलेलेच येतात. त्यांच्यासाठी वरच्या पातळीचे प्रयोग राखा, आणि मुकुट घेतल्यावर चालत परत यायचंय हे धरून राखा. रस्ता इथेच संपत नाही: मुकुट पश्चिमेच्या किल्ल्यातल्या राजाला दिला की तो वेश बदललेला शत्रू ॲस्टोस निघतो. तो एका झटक्यात मारणारी जादू टाकतो, म्हणून दाराबाहेर सेव करा आणि हेस्ट लावून लवकर संपवा. त्याच्याकडचा स्फटिक डोळा मटोया या चेटकिणीला द्या, ती औषध देते, औषधाने एल्फ राजपुत्र जागा होतो आणि मिस्टिक की ही चावी देतो. चावी हातात आली की आधीची बंद दारं उघडत परत फिरा. कॉर्नेलियाच्या किल्ल्यातली नायट्रो पावडर ड्वॉर्फ लोकांना दिल्याशिवाय कालवा फुटत नाही आणि तुम्ही आतल्या समुद्रातच फिरत राहता.

मेलमंडजवळच्या मातीच्या गुहेत दोनदा जावं लागतं. पहिल्या फेरीत व्हँपायर मारून स्टार रुबी घ्या, ती टायटनला द्या, साधूकडून अर्थ रॉड आणा, मग त्याच गुहेत खोल उतरून लिच, चार मोठ्या सैतानांतला पहिला. इथे कॉकट्रिस दगड करतात. एल्फहाइमहून पाच-सहा गोल्ड नीडल आणा. लिच मढं आहे, त्याला फायरा आणि डायारा (मढ्यांवरची पांढरी जादू) लागतात.

लिचनंतर क्रेसेंट लेकच्या साधूंकडून होडी मिळते. बरेचजण लगेच ज्वालामुखीत दुसऱ्या सैतानाकडे, मॅरिलिथकडे, धावतात. आमचं मत ठाम आहे: आधी बर्फाच्या गुहेत जा. ती अवघड आहे, तिथे पळून जाणं लाजेचं नाही, आणि भेगाळलेल्या फरशीतून खाली पडल्याशिवाय लेव्हिस्टोनपाशी पोचता येत नाही. पण त्या दगडाने र्‍यूकान वाळवंटातून विमान निघतं. विमान असलं की सिटॅडेल ऑफ ट्रायल्समधून उंदराची शेपटी आणून ड्रॅगनांचा राजा बहामुट याला देता येते आणि चौघांचेही पेशे चढतात. त्याच किल्ल्यात हीलिंग स्टाफ मिळतो. लढाईत वस्तू म्हणून वापरला की तो सगळ्यांना बरं करतो, एकही प्रयोग न खर्चता. एवढं हाती आल्यावर मॅरिलिथ सोपी होते. तिच्यासमोर नलब्लेझ (आगीपासून वाचवणारा मंत्र) आधी लावा.

पुढचं थोडक्यात: वाळवंटातल्या कॅरॅव्हॅनकडून बाटलीतली परी घ्या (किंमत पाचआकडी, आधीच जमवा). परीमुळे गायामध्ये ऑक्सिएल (पाण्याखाली लागणारी हवा) मिळतो, त्याने ऑनरॅकहून समुद्राखाली उतरून तिसरा सैतान क्रॅकन. क्रॅकनला थंडर जातीची जादू चांगली लागते. तिथला रोझेटा स्टोन मेलमंडच्या डॉक्टर उनेला द्या, मग लुफेनियाचे लोक बोलतात आणि चाइम देतात. धबधब्यामागच्या गुहेतून वार्प क्यूब घ्या, मिराज टॉवर चढा, वर तरंगता किल्ला आणि त्यात चौथा सैतान टायामॅट. त्याच किल्ल्यातला ॲडमंटाइट ड्वॉर्फ लोहाराकडे नेला की एक्सकॅलिबर होते. टायामॅटच्या आधीच्या लांब पुलावर क्वचित वॉरमेक भेटतो. तो टायामॅटपेक्षा भारी आहे, पुलावर पाय ठेवण्याआधी सेव करा.

बूस्टचं काय? सेटिंगमध्ये अनुभव आणि गिल चौपटीपर्यंत वाढवता येतात, लढायाही बंद करता येतात. पहिल्यांदा खेळताना अनुभव एकपटच ठेवा, चौपटीत शत्रू आपोआप पडतात आणि वर सांगितलेल्या हिशोबाची गरजच उरत नाही. गिल दुप्पट केले तर चालेल, त्याने फक्त दुकानांच्या चकरा कमी होतात. लढाया बंद करायच्या त्या गुहेतून परत येताना किंवा राहिलेली पेटी शोधायला जाताना. नकाशावर त्या ठिकाणच्या किती पेट्या उघडल्या ते दिसतं, त्यामुळे कुठे परतायचं ते कळतं.

शेवटच्या गुहेत चारही सैतान पुन्हा भेटतात आणि मग शेवटचा शत्रू केऑस. आतली मासामुने तलवार सोडू नका, ती कुणालाही चालते, मेजलाही. केऑस मधूनच स्वतःला बरं करतो, त्यामुळे हळूहळू मारण्याचा उपयोग नाही. हेस्ट आणि टेम्पर सुरुवातीलाच लावा, व्हाइट मेजने फक्त बरं करायचं, आणि ब्लॅक मेजचे प्रयोग चारही सैतानांवर उधळून इथवर रिकाम्या हाताने येऊ नका.