शीर्ष सापडल्याशिवाय झाड काढू नका

बेळगावात भाषाविज्ञानाच्या परीक्षेची तयारी करणारी मुलं वाक्यांच्या वृक्षाकृती, म्हणजे कोणता शब्द कोणाशी जोडलाय हे फांद्यांनी दाखवणारी झाडं, तपासायला आणतात. फांद्या पट्टीने आखलेल्या असतात, लेबलं मात्र चुकलेली. घाई एवढी की वाक्य वाचून संपायच्या आत वरचा नोड, म्हणजे फांद्या फुटतात तो बिंदू, लिहून झालेला असतो.

मुख्य चूक शीर्ष ओळखण्यात. पदबंधाला, म्हणजे एकत्र वागणाऱ्या शब्दगटाला, नाव त्याच्या शीर्षावरून, म्हणजे मुख्य शब्दावरून मिळतं, आणि शीर्ष म्हणजे पहिला किंवा ठळक वाटणारा शब्द नव्हे. ‘खानापूरच्या बसमधली पिशवी हरवली’ घ्या. पिशवीच्या जागी डबा ठेवला की ‘खानापूरच्या बसमधला डबा हरवला’. खानापूर आणि बस जागच्या जागी, तरी ‘मधली’ आणि ‘हरवली’ दोन्ही बदलली. म्हणजे शीर्ष पिशवी. ‘जंगलाजवळ’मध्ये ही कसोटी चालत नाही. तिथे कोण कोणाचं रूप बदलतंय ते बघायचं. ‘जवळ’ आलं म्हणून ‘जंगल’चं ‘जंगला’ झालं, तेव्हा शीर्ष ‘जवळ’ आणि पदबंध परसर्गाचा, म्हणजे नामामागे लागणाऱ्या ‘जवळ’सारख्या शब्दाचा. बरीच मुलं नामपदबंध लिहून मोकळी होतात. मी रेघ मारण्याआधी अशी अदलाबदल करून बघतो, आणि मुलांकडूनही करून घेतो.

दुसरी चूक इंग्रजी पुस्तकातलं झाड जसंच्या तसं उचलण्याची. एका विद्यार्थिनीने ‘मी कुंदा खाल्ला’साठी क्रियापद डावीकडे, कुंदा उजवीकडे काढला आणि मग बाण मारून कुंदा क्रियापदाच्या आधी नेला. बाण कशासाठी, विचारलं. “पुस्तकात तसंच आहे, सर.” पुस्तकातलं वाक्य इंग्रजी होतं! ती घरी मराठी बोलते, गल्लीत कन्नड. मी तिला खाली ‘नानु कुंदा तिंदे’ लिहायला लावलं. दोन्हीकडे पूरक (शीर्षाचा अर्थ पुरा करणारं पद, इथे कुंदा) आधी, क्रियापद शेवटी. तिने स्वतःच बाण खोडला. भाषावैज्ञानिक रिचर्ड केनने १९९४ मध्ये सगळ्याच भाषांत मुळात शीर्ष आधी असतं अशी मांडणी केली. ती स्वीकारायची तर जरूर स्वीकारा, पण मग मराठीत पूरक शीर्षाच्या आधी नेणाऱ्या प्रत्येक बाणाचं कारण द्यावं लागेल.

पूरक आणि जोडपद (नसलं तरी चालणारी जादा माहिती) यांत गोंधळ होत असेल तर ‘तेच केलं’ लावून बघा. ‘शिल्पाने टिळकवाडीत पेपर वाचला, मी शहापुरात तेच केलं’ चालतं. ‘शिल्पाने पेपर वाचला, मी कादंबरी तेच केलं’ चालत नाही. पेपर पूरक, टिळकवाडी जोडपद.

एकाच नोडखाली तीन फांद्या काढू नका. एका वेळी दोनच घटक जोडले जातात.

भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कीने १९७० मध्ये मांडलेली एक्स-बार पद्धत (शीर्ष आणि पूर्ण पदबंध यांच्यामध्ये ‘बार’ नावाची पातळी मानणारी) आणि त्याचीच १९९५ची बार-पातळ्या काढून टाकलेली रचना एकाच झाडात मिसळू नका. नोट्समधून तुकडे उचलले की हेच होतं.

आणि नामपदबंधाचं शीर्ष नाम नसून निर्धारक (‘तो’, ‘हा’सारखा शब्द) असतो असं मांडणाऱ्या स्टीव्हन अ‍ॅबनीच्या १९८७च्या प्रबंधाचा हवाला देऊन प्रत्येक नामावर निर्धारकाचा पदबंध चढवू नका. इंग्रजी ‘a’, ‘the’सारखी उपपदं मराठीत नाहीत. ‘तो डबा’मधला ‘तो’ शीर्ष आहे की नुसता विशेषक, याचा पुरावा मराठी वाक्यांतूनच द्यावा लागतो.